वीस हजारांचा ट्रक गेला कुठे?

8 जून 2021 रोजी फोर्ड कंपनीने ‘मॅव्हरिक’ हा छोटा पिकअप जगासमोर आणला आणि अमेरिकेच्या वाहनबाजारात गाडीपेक्षा तिच्या किमतीचीच चर्चा जास्त झाली. 19,995 डॉलर! चार दरवाजे, पाच जणांना बसायला जागा, मागे साडेचार फुटांचा हौदा, सुमारे 680 किलो वजन वाहायची ताकद, आणि हे सगळं हायब्रिड इंजिनासकट. त्या इंजिनासाठी वेगळे पैसे मोजायचे नव्हते. सर्वांत स्वस्त ‘एक्सएल’ मॉडेलमध्येच ते मिळणार होतं. शहरात गॅलनला 42 मैल, म्हणजे लिटरला जवळपास 18 किलोमीटर मायलेज. पिकअप म्हटला की तो धिप्पाड असणार आणि पेट्रोल ढोसणार, ही अमेरिकेतली ठाम समजूत या गाडीने मोडली.

लोक तुटून पडले. नोंदण्या लाखावर गेल्या. जानेवारी 2022 मध्ये कंपनीला 2022 च्या मॉडेलच्या नव्या ऑर्डरी घेणं थांबवावं लागलं आणि त्याच महिन्यात मॅव्हरिकला उत्तर अमेरिकेतल्या वर्षातल्या सर्वोत्तम ट्रकचा किताब मिळाला. पुढे 2025 चं मॉडेल आलं तेव्हा तोच एक्सएल 26,295 डॉलरला होता. कारखान्यापासून शोरूमपर्यंतच्या वाहतुकीचे 1,595 धरले की 27,890. मूळ किंमत 6,300 डॉलरने, म्हणजे सुमारे 32 टक्क्यांनी चढली होती.

ही वाढ रास्त म्हणायची की ग्राहकाची अडवणूक? डेट्रॉइटच्या आसपासच्या उपनगरांत मोटारधंद्यामुळे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. तिथल्याच नोव्हाय गावातल्या एका घरात या प्रश्नावर मामा आणि भाचीचं कडाक्याचं वाजलं. मामा मूळचे सांगलीचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खर्चाचा हिशेब मांडण्यातच त्यांची सारी नोकरी झाली. भाचीचा घरांची अंतर्गत सजावट करून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. प्लायवूड, फरशा, रंगाचे डबे यांची ने-आण रोजचीच, त्यामुळे तिला हा ट्रक खरोखरच हवा होता.

“मामा, 2022 मध्ये या गाडीची तीन मॉडेलं होती,” भाचीने सुरुवात केली. “एक्सएल 19,995, एक्सएलटी 22,280 आणि सगळ्यात वरची लॅरिएट 25,490. 2025 मध्ये सगळ्यात खालच्या मॉडेलला 26,295. म्हणजे तेव्हा ज्या पैशांत वरच्या मजल्यावर जाता येत होतं, त्या पैशांत आता दारातही उभं करत नाहीत. याला तुम्ही भाववाढ म्हणता?”

“भाववाढ आहेच,” मामा म्हणाले, “पण ती डॉलरची किती आणि गाडीची किती, हे वेगळं काढ. जून 2022 मध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती. ही गाडी जाहीर झाली तेव्हापासून 2025 च्या मॉडेलची किंमत ठरेपर्यंत एकूण दरपातळी सोळा टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे 2021 चे 19,995 हे 2024 च्या उन्हाळ्यातले साधारण 23,150 झाले. तुझ्या 6,300 पैकी निम्मी वाढ तिथेच गेली.”

“आणि उरलेली निम्मी?”

“तिच्यात गाडी सुधारली. पहिल्या एक्सएलला क्रूझ कंट्रोलही नव्हता. पडदा आठ इंची होता, आता 13.2 इंची आहे. पूर्वी हायब्रिड फक्त पुढच्या दोन चाकांवर चालायचा. 2025 पासून जादा पैसे भरून चारही चाकांवर चालणारा मिळतो. ओढण्याची क्षमता 2,000 पौंडांची होती, ती ठरावीक पॅकेज घेतलं तर 4,000 पर्यंत जाते. मिशिगनच्या बर्फात चार चाकांची ताकद काय असते, हे मी तुला सांगायला नको.”

भाचीला हे पटलं नाही. “चार चाकांचे पैसे वेगळे, पॅकेजचे वेगळे. मूळ किमतीत माझ्या वाट्याला आला तो मोठा पडदा. तो मी मागितला नव्हता. मला हौदा हवाय.”

हौद्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं, आणि ते व्हावं अशीच त्याची रचना आहे. हौद्याच्या भिंतींना आतून खाचा पाडलेल्या आहेत. इमारती लाकडाच्या कुठल्याही दुकानात मिळणारी दोन बाय चारची किंवा दोन बाय सहाची फळी त्या खाचांत उभी सरकवली की झाली पार्टिशन. कंपनीचे महागडे कप्पे विकत घेण्याची गरज उरत नाही. मागचा फाळका अर्धवट उघडून मधल्या टप्प्यावर थांबवता येतो. तसा थांबवला की त्याची वरची कड चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीला येते आणि चार बाय आठ फुटांचा प्लायवूडचा अख्खा तक्ता सपाट झोपतो. विजेचं एखादं उपकरण बसवायचं असेल तर त्यासाठी 12 व्होल्टच्या तारा हौद्यात आधीच आणून ठेवलेल्या आहेत. हाताने काम करणाऱ्या माणसाचा विचार करून केलेली ही गाडी आहे, आणि भाचीच्या रागाचं मूळही तिथेच होतं. ज्यांच्यासाठी गाडी घडवली, त्यांच्याच हातून ती निसटत चालली होती.

“तुम्ही एकूण किंमत बघता, मी महिन्याचा हप्ता बघते,” ती म्हणाली. “2021 मध्ये व्याजदर तळाला होते. पाच टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर वाहतुकीसकट 21,490 डॉलरवर महिन्याला साधारण 405 डॉलर हप्ता बसायचा. जुलै 2023 पर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, आपला दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला आणि गाडीची कर्जंही महागली. आता आठ टक्के धरा. 27,890 वर हप्ता 565 च्या पुढे. मूळ किंमत वाढली बत्तीस टक्के, हप्ता वाढला एकोणचाळीस. माझं उत्पन्न तेवढं वाढलेलं नाही.”

मामांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला. “हप्ता एकीकडे धरतेस, तर पेट्रोल दुसरीकडे धर. वर्षाला 15,000 मैल. फोर्डचाच मोठा पिकअप एफ-150 घेतलास तर गॅलनला वीस मैलांच्या आसपास, म्हणजे 750 गॅलन. 2025 चा हायब्रिड मॅव्हरिक सरासरी 38 देतो, म्हणजे 395 गॅलन. सव्वातीन डॉलरचा भाव धरला तर वर्षाला साडेअकराशे डॉलर वाचले. शिवाय एफ-150 च वाहतूक धरून 40 हजारांच्या घरात जातो. टोयोटाचा हायब्रिड टॅकोमा 45 हजारांच्या पुढे. तुझे 27,890 कुणाशेजारी ठेवायचे, ते आधी ठरव.”

“माझ्या आजच्या गाडीशेजारी ठेवायचे,” भाचीने तत्काळ उत्तर दिलं. “ती जुनी आहे, पण 28 देते. तिच्याशी तुलना केली तर वर्षाला साडेचारशे डॉलर वाचतील, म्हणजे महिन्याला अडतीस. मी एफ-150 कधी घेणारच नव्हते. जी गाडी घ्यायची नव्हती, ती न घेतल्याची बचत मी माझ्या खात्यात कशी जमा करू?”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. हिशेबाच्या माणसाला हा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. बाजारातल्या दुसऱ्या महाग वस्तूशी तुलना केली की कुठलीही वस्तू स्वस्त दिसते. गाड्यांच्या किमतींचा माग ठेवणाऱ्या ‘केली ब्लू बुक’च्या आकडेवारीनुसार सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी विक्रीकिंमत पहिल्यांदाच 50 हजार डॉलरच्या वर गेली. त्या सरासरीपुढे 28 हजार स्वस्तच ठरतात. पण सरासरी वर गेली म्हणून कुणाचा पगार वर गेला नाही.

मग भाचीने 2024 च्या मॉडेलचा विषय काढला. त्या वर्षी कंपनीने मूळ किमतीत दोन लिटरचं टर्बो ‘इकोबूस्ट’ इंजिन दिलं आणि हायब्रिडसाठी 1,500 डॉलर जादा मागितले. पुढच्या वर्षी हायब्रिड पुन्हा मूळ किमतीत आला, पण तोवर मूळ किंमतच वर गेलेली होती.

“त्या वर्षीसुद्धा 1,500 मोजून हायब्रिड घेणारा शहाणाच,” मामांनी लगेच हिशेब मांडला. “इकोबूस्टचं सरासरी मायलेज 26, हायब्रिडचं 37. तेवढ्याच धावेला वर्षाला साडेपाचशे डॉलरचा फरक. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल, पुढचं सगळं बचतीत.”

“वसूल होतात, मान्य. पण जी गोष्ट घरात घेताना फुकट आहे असं सांगितलं, तिची किंमत लावायची, मग ती परत ‘फुकट’ करून घराचंच भाडं वाढवायचं, याने विश्वास जातो.”

विश्वासाचा प्रश्न यंत्राबाबतही आला होता. जुलै 2022 मध्ये फोर्डने मॅव्हरिक, एस्केप आणि लिंकन कोर्सेअर मिळून सुमारे एक लाख हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. इंजिन निकामी झालं तर तेल आणि इंधनाची वाफ बाहेर पडून बॉनेटखाली आग लागण्याचा धोका होता. 2023 मध्ये ही संख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तिच्यावर ही दुरुस्ती झाली आहे की नाही, हे चासी नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर तपासूनच पैसे मोजावेत. त्याला एक पैसा पडत नाही.

इथपर्यंतचा वाद एका गाडीचा होता. पण भाचीने विचारलेल्या पुढच्या प्रश्नाने तो कितीतरी मोठा झाला: “एवढी मागणी आहे, तर दुसरं कुणी असा ट्रक का बनवत नाही?”

“कारण कोंबडी,” मामा म्हणाले, आणि त्यांनी जी हकिकत सांगितली ती अमेरिकेच्या व्यापारनीतीतली खरीखुरी घटना आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी युरोपच्या बाजारात शिरली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जबर शुल्क लावलं. डिसेंबर 1963 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट तडाखा दिला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के आयातशुल्क. बाकीची शुल्कं कालांतराने उतरली. ट्रकवरचं साठ वर्षांनंतरही तसंच आहे. आयात कारवर कित्येक दशकं अडीच टक्के शुल्क होतं आणि ट्रकवर त्याच्या दहापट. त्याला आजही ‘चिकन टॅक्स’च म्हणतात.

हे शुल्क चुकवायला कंपन्यांनी काय काय केलं! जनरल मोटर्सने जपानी बनावटीचे छोटे ट्रक हौद्याविना आणले आणि अमेरिकेत उतरल्यावर हौदे बसवले; 1980 मध्ये ती वाट बंद झाली. सुबारूने ‘ब्रॅट’ नावाच्या गाडीच्या हौद्यात चक्क मागे तोंड करून दोन खुर्च्या ठोकल्या, म्हणजे कागदोपत्री ती प्रवासी गाडी ठरली. खुद्द फोर्डने तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीट लावून आणल्या आणि बंदराबाहेर काढल्यावर त्या सीट उपसून टाकल्या. ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि मार्च 2024 मध्ये 36 कोटी 50 लाख डॉलर भरून कंपनीने ते मिटवलं.

या गोष्टीला एक भारतीय प्रकरणही आहे. 2006 च्या सुमारास महिंद्राने एका अमेरिकी वितरक कंपनीशी करार करून डिझेल पिकअप अमेरिकेत विकण्याची तयारी केली होती. डीलर नेमले गेले, प्रदूषणाची मंजुरीही 2010 मध्ये मिळाली. पण वितरकाशी बिनसलं, करार संपला आणि गाडी शोरूमपर्यंत पोचलीच नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजार समितीच्या आवारात जसे महिंद्राचे पिकअप आणि टाटाचे ‘छोटा हत्ती’ दाटीवाटीने उभे दिसतात, तसं छोट्या मालगाड्यांचं वैविध्य अमेरिकेच्या वाट्याला येत नाही, यात या शुल्काचा मोठा हात आहे.

“म्हणजे बाहेरून कुणी येऊ शकत नाही. आणि इथल्यांनी का बनवू नये?” भाचीने विचारलं.

“इथल्यांना इंधनाच्या नियमांनी मोठ्या गाडीकडे ढकललं,” मामा म्हणाले. गेल्या दशकापासून अमेरिकेतलं मायलेजचं लक्ष्य गाडीच्या चारही चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर ठरतं. क्षेत्रफळ जास्त, तर लक्ष्य सोपं. साधा पेट्रोल इंजिनाचा छोटा ट्रक त्या कसोटीत नापास होतो, तर अवाढव्य ट्रक पास होतो. नफाही मोठ्यातच जास्त. फोर्डने आपला छोटा रेंजर अमेरिकेत 2011 मध्ये बंद केला आणि 2019 मध्ये परत आणला तो वाढलेल्या अंगाचा. छोट्या आकाराला कडक लक्ष्य पेलायचं तर हायब्रिडच हवं, आणि मॅव्हरिक त्या अर्थाने या नियमांतूनच निघालेली वाट आहे. एकमेव जवळचा प्रतिस्पर्धी ह्युंदाईचा सांता क्रूझ. अलाबामात बनलेल्या त्या गाडीला हायब्रिड इंजिन मिळालंच नाही.

मॅव्हरिक स्वतः मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात, एर्मोसिओच्या कारखान्यात बनतो. उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारामुळे त्याला चिकन टॅक्स लागत नव्हता. वीस हजारांची किंमत शक्य होण्यामागे तेही एक कारण होतं. एप्रिल 2025 मध्ये आयात गाड्यांवर नवं 25 टक्के शुल्क आलं. करारात बसणाऱ्या गाड्यांना त्यातल्या अमेरिकी भागांपुरती सूट मिळाली, तरी उरलेल्या भागांवर शुल्क पडलंच. मेमध्ये फोर्डने मेक्सिकोत बनणाऱ्या आपल्या तीन गाड्यांच्या किमती 2,000 डॉलरपर्यंत वाढवल्या. मॅव्हरिक त्यात होता, आणि त्याची मूळ किंमत 28 हजारांच्या पुढे सरकली.

“बघ, यात कंपनीने काय करायचं?” मामांनी विचारलं. “आणि लोक तर घेतच आहेत. 2022 मध्ये 74 हजार गाड्या खपल्या, 2023 मध्ये 94 हजार, 2024 मध्ये 1 लाख 31 हजार. किंमत वाढत गेली आणि खपही वाढत गेला. महाग वाटली असती तर लोकांनी पाठ फिरवली असती.”

“पाठ फिरवून जायचं कुठे?” भाची म्हणाली. “गावात एकच दुकान असेल आणि तिथे रांग लागली, तर ती रांग भावाला दिलेली पसंती कशी? वर डीलर आहेतच. 2022 मध्ये एका शोरूममध्ये काचेवर कंपनीचं स्टिकर होतं आणि त्याच्याशेजारी डीलरचं दुसरं. ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून पाच हजार डॉलर. त्यात गाडीला एक स्क्रूसुद्धा जादा लावलेला नव्हता.”

पहिलं स्टिकर कायद्याने सक्तीचं आहे. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने 1958 मध्ये झालेल्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची शिफारस केलेली किंमत, जोडलेल्या गोष्टी आणि वाहतूक खर्च ओळीने छापावा लागतो. मात्र ती किंमत शिफारशीचीच असते. डीलरने तिच्यापेक्षा जास्त मागू नये, असं कायदा म्हणत नाही. त्या फटीतून तुटवड्याच्या काळात हजारो डॉलर ग्राहकांच्या खिशातून गेले.

या वादात दोघांच्याही पदरात काहीतरी पडतं, पण सारखं नाही. मामांचं गणित बरोबर आहे: आठ-दहा वर्षं वापरायची, शहरात भरपूर चालवायची आणि हौद्याचं खरोखर काम असेल, तर स्टिकरच्या किमतीला मिळणारा साधा एक्सएल हायब्रिड आजही अमेरिकेतल्या नव्या ट्रकांमध्ये पैशाला सर्वांत जास्त मोल देतो. हे मोल खालच्या मॉडेलपुरतंच आहे. ट्रेमर किंवा लोबोसारख्या 35 हजारांच्या वरच्या आवृत्त्यांत इकोबूस्ट इंजिन येतं, मायलेज घसरतं, आणि ज्या कारणासाठी ही गाडी घ्यायची ते कारणच हातून जातं.

भाचीचा मुद्दा मात्र अधिक खोल जातो. किमतीचा निम्मा चढ महागाईने समजावता येतो. उरलेल्यातला काही भाग सुधारणांचा, आणि काही निव्वळ स्पर्धा नसल्याचा आहे. साठ वर्षांपूर्वीच्या कोंबडीच्या भांडणातून आलेलं शुल्क आजही सुताराच्या, माळ्याच्या, छोट्या कंत्राटदाराच्या खिशातून वसूल होतं. ते शुल्क काढलं, तर वीस हजारांचा नाही तरी बावीस-चोवीस हजारांचा ट्रक देणारे हात जगात आहेत. ही मागणी ग्राहकांनी गाडीच्या डीलरकडे करून उपयोग नाही. ती आपल्या काँग्रेस सदस्याकडे करायला हवी, आणि अमेरिकेत मतदार झालेल्या मराठी माणसांनीही करायला हवी.

थांबू शकणाऱ्यांसाठी पुढच्या दोन बातम्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. जेफ बेझोस यांचा पैसा असलेल्या ‘स्लेट’ कंपनीने एप्रिल 2025 मध्ये दोन दारांचा अगदी साधा, पडदाही नसलेला इलेक्ट्रिक ट्रक दाखवला. पण वीस हजारांच्या आतली त्याची जाहिरात 7,500 डॉलरच्या सरकारी सवलतीवर उभी होती आणि ती सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली. ऑगस्ट 2025 मध्ये फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी लुइव्हिलमध्ये चार दारांचा इलेक्ट्रिक पिकअप जाहीर केला, 2027 साठी, सुमारे 30 हजार डॉलरपासून.

ज्यांना आजच घ्यायचा आहे त्यांनी एवढं करावं: एक्सएल किंवा फार तर एक्सएलटी, तोही हायब्रिडच बघावा, कर, नोंदणी आणि वाहतूक धरून हातात चावी पडेपर्यंतची एकूण रक्कम डीलरकडून लेखी मागावी, ती निदान तीन शोरूममधून आणून शेजारी शेजारी ठेवावी, आणि स्टिकरवर एक डॉलरही जादा मागितला, तर तिथून उठून यावं.